शर्टावर शिंतोडा नको

सायखेड्याच्या शाळेत शिक्षकाची नोकरी लागली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. कंबरदुखीमुळे पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची सायकल घेतली होती. तिला ना मडगार्ड, ना पिशव्या. द्वारका चौकाजवळ गाड्यांच्या सीटा शिवणारे एक चाचा दोन्ही करून द्यायला तयार झाले. पिशवीला टाच लागते का बघायला, दातात दोरा धरून ते स्वतःच सायकलवर आडवे झाले. शेजारचे दुकानदार हसले.

"हा पडून सायखेड्याला पोचंल. तुम्ही उभं राहून कुठं पोचले?" चाचा म्हणाले.

मडगार्ड बसल्यावर त्यांनी रस्त्यावर बादलीभर पाणी ओतलं. "बेटा, काढ यातून."

काढली. माझा पांढरा शर्ट त्यांनी मागूनपुढून निरखला. एक शिंतोडा नव्हता.

"निघा आता, सर."

शाळेत पोचायच्या आधीच मी सर झालो होतो.