बाळूचा पत्ता कापायला गेलो तेव्हा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा अंगावर सांडेल. माझ्यासारखा हुशार माणूस स्वतःच्या हातानं स्वतःला कसा बुडवतो, ते ऐका.

बाळू माझा असिस्टंट होता, हे आधी लक्षात घ्या. धाराशिवात माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा, आणि येडशीचा हा पोरगा माझ्यामागं लाईट धरून उभा राहायचा. पुढं त्यानं स्वतःची शॉर्ट फिल्म केली. तिला पुण्यात बक्षीस मिळालं, पेपरात फोटो छापून आला. फिल्म काय मीही केल्यात. एक हात धुण्यावर, एक हेल्मेटवर. पण माझ्या बायकोनं कपाटाच्या आतल्या बाजूला कात्रण कुणाचं चिकटवलं? बाळूचं. म्हणे, आपल्या घरी जेवलेला पोरगा आहे. आता सांगा, माणसानं जळायचं नाही तर काय करायचं?

अशात बातमी आली, किसनदादांवर सिनेमा निघतोय. किसनदादा म्हणजे बेंबळीचे गायक. जयंती असो की जत्रा, त्यांचा आवाज माईकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत जायचा. पण माणूस आतून दुखावलेला. प्यायचे, भर कार्यक्रमातून उठून चालायला लागायचे, एकदा तर वाजवायची पेटी विहिरीत टाकली. तरणेताठे असतानाच गेले. निर्माता म्हणाला, दिग्दर्शक कोण घ्यायचा ते दादांच्या बायकोनं, पारूमावशींनी ठरवावं. त्यांच्यापुढं नावं दोनच. मी आणि बाळू.

मी लगेच इस्त्रीचा शर्ट घालून बेंबळी गाठली. मावशी ओट्यावर तूरडाळ निवडत होत्या. मी माझी माहिती दिली. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. कुठल्या लग्नाला उशीर नाही. नवरीकडचं अख्खं घर रडत असलं तरी माझ्या डोळ्यात टिपूस नाही, कॅमेरा असा स्थिर. मावशी म्हणाल्या, बरं हाय. मग हळूच म्हणाल्या, "त्यो बाळू कसा हाय रं? तुला ठावं असंल."

अहो, मी याचीच तर वाट बघत होतो!

कुणाबद्दल वाईट बोलू नये, असं म्हणून मी सुरुवात केली. तेरखेड्याच्या लग्नात नवरी निघताना बाळू एवढा रडला, की कॅमेरा खाली झुकला आणि कॅसेटभर नवरीच्या बापाच्या चपलाच आल्या. मावशींचे हात थांबले. मला वाटलं, बाण लागला. मग सांगितलं, मधी लई प्यायचा. बायको माहेरी गेली, तर हा येडशी स्टेशनवर बसून प्रत्येक गाडीत तिला शोधायचा.

"आन् मग?" मावशी म्हणाल्या.

मग काय, मला चेव आला. स्वतःच्याच सत्कारातून उठून हा गेला आणि रानात एकटा गात बसला, तेही सांगितलं. खरं होतं ते संपलं, तेव्हा पदरचं थोडं जोडलं. मावशींनी पदरानं डोळे पुसले. मी मनात म्हणालो, नवऱ्याचा सिनेमा असल्या माणसाच्या हातात जायचा होता म्हणून रडतायत बिचाऱ्या. त्यांनी मला भाकरी वाढली. मी दोन वेळा पिठलं मागून घेतलं आणि परतीच्या वाटेवर गाडीवर शीळ घातली.

चारेक दिवसांनी मावशींचा निरोप आला. गेलो, तर ओट्यावर बाळू आधीच बसलेला. त्याला नकार कळवायला बोलावलं असेल, असं धरून मी चेहरा पडल्यासारखा केला.

मावशींनी मला जवळ बसवलं. "लेकरा, तू आला नसतास तर म्या चुकले असते. ह्यो पोरगा हितं येऊन सोताबद्दल काहीच बोलला न्हाय, म्हणून पिच्चर तुलाच द्यायचा म्हणत हुते. तू सांगितलंस तवा कळलं, ह्यो आमच्या ह्यांच्याच वळणाचा हाय. ह्यांचं रडणं ह्यालाच कळंल."

वर बाळू उठला आणि चक्क माझ्या पाया पडला. म्हणाला, दादा, माझ्यासाठी तुम्ही एवढा शब्द टाकला. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो.

तोंड लपवत उठणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "बस की. तुला बी काम हाय पिच्चरमधी. आमच्याकडं एक जण यायचा. गोड बोलून ह्यांच्या चुगल्या मला सांगायचा. त्याचं काम तूच कर."

नाही कसं म्हणणार? मागच्या आठवड्यात माझा सीन झाला. पहिल्याच टेकला ओके. मावशी बाळूशेजारी बसून बघत होत्या. माझ्याकडं कौतुकानं बघत त्याला म्हणाल्या, "बघ, ह्याला काहीच शिकवावं लागलं न्हाय."