मागे वळायचं नाही

जगन गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवीन पनवेलच्या बाजारात भाजी घेत होतो. पलीकडे त्याचा धाकटा भाऊ होता. उरणजवळच्या मोरा बंदरातून दोघे सकाळी छोट्या होडीतून मासेमारीला गेले होते. भाऊ मागे इंजिनापाशी, जगन पुढे जाळ्यापाशी. मध्येच धुकं उतरलं, एका लाटेनं होडी कलली, आणि... "मी हाका मारीत होतो, दादा उत्तरच देत नव्हता," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. महिना उलटला, तरी ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. कारण ती हाक मला ठाऊक आहे.

विमानतळाच्या नुसत्या चर्चेनं इथल्या जमिनींना सोन्याचे दिवस आले होते, तेव्हाची गोष्ट. एका हौशी बिल्डरनं पगारी फुटबॉल संघ काढला, तोही इनडोअर. त्याच्याच गोदामात मैदान आखलं, चारी बाजूंनी लाकडी फळ्या ठोकल्या. चेंडू फळीवर आपटून परत आला तरी खेळ चालूच. जेमतेम एक हंगाम हा संसार टिकला. जगन गोलकीपर आणि मी त्याच्या पुढ्यात, डाव्या बाजूचा बचाव सांभाळणारा. खरं तर मी जन्माचा भित्रा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आई मला उगाच म्हणत नसे.

पहिल्याच आठवड्यात चहा पिताना जगन म्हणाला, "डाव्या डोळ्यानं मना काय दिसत नाय. कोनाला बोलू नको." लहानपणी होडीचा ताणलेला दोर तुटून डोळ्यावर बसला होता. उरलेल्या डोळ्याला मार लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "मग गोलकीपर कशाला झालास?" मी विचारलं. तो हसला. "मासळीला जातो तवा काय दुसरा डोळा घेऊन जातो?" मग त्यानं होडीवरची रीत सांगितली. धुक्यात माणूस माणसाला दिसत नाही, तेव्हा एकानं विचारायचं, 'हाय का?' दुसऱ्यानं लगेच म्हणायचं, 'हाय.' आवाजावरून तो कुठे आहे ते कळतं. "तसंच आपन करू. तू समोर बघायचं. मागं वळायचं नाय."

झालं, माझी झोप उडाली. प्रत्येक सामन्यात मागून हाक यायची, मी ओ द्यायचो. डावीकडून येणारा प्रत्येक चेंडू मला त्याच्या चांगल्या डोळ्याकडेच निघाल्यासारखा दिसे. मी तो मांडीवर घेतला, बरगड्यांवर घेतला, एकदा तोंडावर घेतला. लोक मला धाडसी म्हणू लागले... शेवटच्या सामन्यात मात्र एक फटका डाव्या फळीवर आपटला आणि मला चुकवून थेट त्याच्या उजव्या भुवईवर बसला. जगन डोळ्यावर हात दाबून खाली बसला. तो हात काढीपर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. "दिसतंय," तो म्हणाला.

सामना संपल्यावर बूट सोडताना तो हळूच म्हणाला, "मना लय भ्याव वाटतं रे. दर खेपेला वाटतं. हाक काय नुसती तू कुठं हायस ते कळायला मारतो का? कोन तरी हाय, एवढं ऐकाया मारतो." तोवर मला वाटायचं, भीती काय ती माझ्या एकट्याच्याच वाट्याला आली आहे.

बिल्डरची हौस फिटली, संघ मोडला. जगन होडीवर परतला, मी नोकरीला लागलो. आता मात्र एकच विचार मला सोडत नाही. पाण्यात पडल्यावर त्यानंही 'हाय का?' विचारलं असेल का? आणि इंजिनाच्या घरघरीत ते भावाला ऐकूच गेलं नसेल तर...

गेल्या आठवड्यात बायकोबरोबर त्या गोदामात गेलो होतो. तिथे आता टाइल्सचं दुकान आहे. ती नमुने बघत दुसऱ्या टोकाला गेली आणि मी नकळत माझ्या जुन्या जागी जाऊन उभा राहिलो, गोलकडे पाठ करून. पाठीमागे सगळं शांत होतं. मला इतकी भीती वाटली की मान हलवता येईना. वळलो असतो तर टाइल्सची खोकी दिसली असती. मी वळलो नाही. समोर बघत, कुणी विचारलं नसताना, म्हणालो, "हाय."