उसात गेलेला बॉल आणि नलूचं नाव

त्या वर्षी सव्वीस जानेवारी सोमवारी आली होती. शनिवारची रजा टाकली की सलग तीन दिवस मोकळे... म्हणून मी माधवला आणि अरुणला पुण्याहून कोल्हापूरला बोलावून घेतलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा शाहूपुरीत एका पंपांच्या कंपनीत सेल्सला होतो.

कॉलेजच्या होस्टेलवर आमचा एक दोस्त फौजी घरातला होता, त्याच्यामुळे आम्हा तिघांना गोल्फचा नाद लागलेला. खेळ यथातथाच, हौस दांडगी. गावाबाहेर नऊ होलचं एक छोटं मैदान होतं. जानेवारीत गवत पिवळं पडलेलं, होलभोवती हिरवळीऐवजी तेल टाकून चोपलेली वाळू... आणि मधूनमधून म्हशी.

पण गोल्फ हे निमित्त होतं. माधवची बायको नलू दिवाळीच्या आधी काविळीनं गेली होती. पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हापासून हा माणूस ऑफिस आणि घर, एवढंच करत होता. अरुणनं ट्रंककॉल करून सांगितलं, ‘त्याला बाहेर काढायला पाहिजे.’ आमचं ठरलं, तीन दिवस नलूचा विषय काढायचा नाही.

मी कार्यक्रमच असा आखला की त्याला जरा म्हणून उसंत मिळू नये. शनिवारी उतरल्या उतरल्या मिसळ, मग गोल्फ. संध्याकाळी माझी बायको वसुधा हिच्या हातचं सुक्कं मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा. रविवारी पन्हाळा, तिथं झुणका-भाकरी आणि दही, परत येऊन पुन्हा गोल्फ...

माधव सगळ्याला हो म्हणत होता. खेळत होता, पण बॉल मारला की आमच्यासाठी न थांबता तरातरा पुढे चालायला लागायचा. ताटात वाढलेलं निम्मं तसंच राहायचं. तो जरा गप्प झाला की मी काहीतरी बोलत सुटायचो. पावसाचं, पगाराचं, कुस्तीचं... रविवारी संध्याकाळपर्यंत माझंच डोकं दुखायला लागलं होतं.

सोमवारी सकाळी शेवटचा डाव. माधवनं एक फटका असा मारला की बॉल कुंपण ओलांडून शेजारच्या उसात गेला. ‘जाऊ दे, दुसरा घे,’ मी म्हणालो. तोवर हा कुंपणातून पलीकडे गेलासुद्धा. मग आम्हीही मागोमाग.

ऊसतोड चालू होती. बांधावर शेताचे मालक बसले होते, साठीच्या पुढचे, पटका बांधलेले. त्यांच्या हातात आमचा बॉल होता.

‘हे तुमचं हाय व्हय? थोडक्यात वाचलो की मी. बसा पावणं, ऊस खावा.’

मी म्हणालो, ‘नको, डाव अर्धा राहिलाय.’ पण माधव खाली बसला होता.

गाव कुठलं, कामाला कुठं, असं विचारून झालं. मग त्यांनी सरळ विचारलं, ‘मालकीणबाई न्हाई आणल्या?’

अरुण घाईघाईनं म्हणाला, ‘चला, ऊन वाढतंय.’ माधव हलला नाही.

‘ती गेली,’ तो म्हणाला. ‘दिवाळीच्या आधी.’

‘आरारा... काय झालतं?’

‘कावीळ.’

‘नाव काय व्हतं त्यांचं?’

‘नलिनी. नलू म्हणायचो.’

आणि माधव बोलायला लागला. तिला खाण्याची किती हौस होती, ते सांगितलं. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत तिनं लोणच्याची एक फोड मागितली होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. ‘ती दोनदा म्हणाली... मी दिली नाही,’ एवढं बोलून तो रडायला लागला.

मी उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की नको ते कळेना, पुन्हा बसलो. ते मालक मात्र जागचे हलले नाहीत. त्याचं रडणं ओसरू दिलं आणि म्हणाले, ‘व्हय... बरं वाटावं म्हनूनच न्हाई दिली की. आमी बी न्हाई दिली असती.’

मग कोयत्यानं उसाचं एक कांडं तासून त्याच्या हातात दिलं. माधवनं ते खाल्लं, शेवटच्या पेरापर्यंत.

परत येताना तो मला म्हणाला, ‘तुझ्या हॉलमध्ये आपला सगळ्यांचा महाबळेश्वरचा फोटो होता. आता नुसता खिळा दिसतो... माझ्यासमोर कुणी तिचं नावच घेत नाही रे. ती नव्हतीच, असं वाटायला लागलंय.’ तो फोटो मीच उतरवून ठेवला होता.

डाव अर्धाच सोडून घरी आलो. जेवताना मी चाचरत म्हणालो, ‘नलू पहिल्यांदा इथं आली तेव्हा तांबडा रस्सा पिऊन तिला उचकी लागली होती...’ वसुधाचा वाढता हात थांबला. माधव म्हणाला, ‘आणि उचक्या देत देत तिनं अजून एक वाटी मागितली.’ वसुधाला हसू आलं, मग डोळ्यांना पदर. त्या दुपारी आम्ही चौघं नलूबद्दलच बोलत बसलो, हातावरचं खरकटं वाळेपर्यंत. त्या तीन दिवसांत मी पहिल्यांदा स्वस्थ बसलो होतो.

माधव एका दुपारीत काही बरा झाला नाही. त्याला पुढं बरीच वर्षं लागली. पण दर जानेवारीला तो येत राहिला, आणि आम्ही कुठलाच विषय टाळला नाही.

आता माझी आणि माधवची, दोघांचीही ऐंशी उलटली. गेल्या आठवड्यात फोनवर आम्ही नलूच्या भयंकर पांचट चहाला यथेच्छ नावं ठेवली... असं नावं ठेवता येणं, हे त्या बांधावरच्या माणसाचे उपकार.