बाकी ता. क. मध्ये

माझे पपा पाळक. रविवारी चर्चमध्ये उपदेश, सोमवारी कलेक्टर कचेरीवर मोर्चा. धरणानं उठवलेल्या गावांसाठी त्यांनी इतके अर्ज टाईप केले की त्या खडखडाटानं पन्हाळ्याचा एक बुरूज ढासळला, असं मी जन्मभर सांगत आलोय. त्यांचं पाकीट दिसलं की मंत्री टेबलाखाली शिरत, हेही मीच पसरवलेलं.

खरं एवढंच, की प्रत्येक पत्राला कार्बन लावून ते एक प्रत ठेवून घ्यायचे. मग वरचा कागद मशीनमधून काढून, मनातलं काय असेल ते त्याच्या तळाशी शाईनं लिहायचे : ता. क. अगदी कलेक्टरलासुद्धा. वर सगळा कायदा, खाली 'मुलीचा ताप उतरला का?'

आई गेली तेव्हा ते मोर्चात पकडले जाऊन तुरुंगात होते. सुटून आले तोवर दफनही उरकलं होतं. मी भर दारात म्हणालो, "आता माझ्यासाठी पण एक अर्ज टाईप करा. बाप मिळावा म्हणून."

आणि आजऱ्याला काजूच्या कारखान्यात निघून गेलो. महिन्याभरानं त्यांचं पत्र आलं. न फोडता भट्टीत टाकलं. तीन दिवस जळत होतं, असं मी सोबत्यांना सांगितलं. कसलं तीन दिवस! फुर्रकन गेलं.

पुढं आम्ही बोलायला लागलो, पण हवापाण्याचंच. त्या पत्राचं ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. मग ते गेले.

गेल्या वर्षी एका ग्रंथालयानं पपांच्या सगळ्या प्रती लावून ठेवल्या. कळल्याबरोबर पळत सुटलो. जळलेल्याचीही प्रत असणारच की!

खिशातून पेन काढलं तशा तिथल्या बाई कडाडल्या, "ओ पावणं, पेन न्हाय चालत हितं. पेन्सिल घ्या."

"बाई, मी पाळकसाहेबांचा मुलगा हाय."

"मग आधी हात धुऊन या."

धुऊन आलो. बाईंनी पुठ्ठ्याची पेटी उघडली. "तुमच्या नावचं एकच हाय बघा."

मोर्चाची हकिकत. चर्चचं गळकं छप्पर. आजऱ्यात पाऊस फार, छत्री घेणे. मग शेवटची ओळ : 'तुझ्या आईविषयी ता. क. मध्ये लिहितो.' त्याखाली 'तुझा पपा'. त्याखाली दोन बोटं कोरा कागद.

ता. क.ची शाई कार्बनच्या प्रतीवर कधी उतरतच नव्हती. लहानपणापासून डोळ्यांनी बघितलेलं, आणि पळताना विसरलो.

"मागं काय हाय का बघा की," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

उलटं केलं. काही नव्हतं.

पेन्सिल हातातच होती. जन्मभर एवढ्या थापा मारल्या. त्या दोन बोटं जागेत बसेल अशी एक सुचली नाही.