घणाआधीची हाक

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, घरं पाडतात. जुनी घरं, बंद पडलेले कारखाने, आगीत जळालेली गोदामं, काहीही सांगा. मी त्यांच्याबरोबर दारं, चौकटी, नळ, पत्रे सोडवून बाजूला काढतो. आधी मी घराचे कपडे उतरवायचे आणि मग त्यांनी त्याला झोडपून काढायचं, अशी आमची वाटणी. घण हातात आला की दाजींचा चेहराच बदलायचा. मान आत जायची, ओठ आवळले जायचे, आणि पहिला घाव बसला की शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या दाढा हलायच्या. भिंत एकदम पडत नाही. आधी कण्हते, मग तिचं पोट फुगतं, मग विटा किडक्या दातांसारख्या गळायला लागतात. दाजींना तो क्षण फार आवडायचा. मला तेव्हा त्यांची भीती वाटायची आणि ती मी कधी लपवली नाही.

राग त्यांच्या अंगातच मुरला होता. बाप पट्ट्याने मारायचा, तोही बकलाच्या बाजूने. वळ पाठीवर अजून आहेत. अंगात जोर आल्यावर एके दिवशी त्यांनी पट्टा हिसकावून घेतला, बापाला दाराच्या फळीसकट रस्त्यावर फेकला आणि पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं नाही. पुढे एका ठेकेदाराने कामावरच्या बाईच्या कानाखाली वाजवली, तर दाजींनी त्याचा जबडा मोडला. असला माणूस ताईने पसंत केला तेव्हा आईने कपाळावर हात मारून घेतला होता. ताई निवांत. "राग काय तो भिंतीवर काढून यायचा आणि मग जेवायला बसायचं," असं तिने लग्नाआधीच बजावलं होतं म्हणे. आणि खरंच, घरात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. संध्याकाळी धुळीने पांढरेफटक होऊन यायचे, दारातूनच ओरडायचे, "आहे का कोणी आत?" ताई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, "कोणी नाही, खुशाल पाडा!"

ही हाक मूळची कामावरची. दाजी नवे नवे होते तेव्हा त्यांच्या मुकादमाने आत न डोकावता एक भिंत पाडली. पलीकडे कोणी बेघर माणूस झोपला होता. ढिगाऱ्यातून काढला तेव्हा त्याला तोंड असं उरलंच नव्हतं. मुकादम पळाला, आणि दाजी पोलीस येईपर्यंत त्या मढ्याजवळ बसून राहिले. तेव्हापासून त्यांनी नियम केला. घण उचलण्याआधी प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहायचं, तीनदा विचारायचं, आहे का कोणी आत? दोन हाकांच्या मध्ये थांबायचं, कान द्यायचा. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर खोली रिकामी धरायची आणि मगच घाव घालायचा. मी चेष्टा करायचो, "दाजी, आत उंदीर आहेत, लाजून ओ देत नाहीत." ते माझ्याकडे बघायचेही नाहीत.

मग ताईच्या पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशन किरकोळ आहे, दोन दिवसांत घरी, असं डॉक्टर म्हणाले. दवाखाना चांगला तीन मजली, फरशी इतकी चकचकीत की चप्पल काढावीशी वाटावी. स्ट्रेचरवरून आत जाताना ताई दाजींना म्हणाली, "भिंतींकडे असं टक लावून बघू नका हो, लोक घाबरतील." तिचं हे शेवटचं बोलणं. ती जिवंत आहे. श्वास घेते, डोळे उघडते, छताकडे बघते. नाकातल्या नळीतून तिला भरवावं लागतं. आम्ही कोण, हे तिला कळत नाही.

तिच्या मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. का, ते कोणी सांगेना. डॉक्टर म्हणाले, काही शरीरांना भूल सोसत नाही, त्याला कोण काय करणार! शेवटी एका वयस्क सिस्टरने दाजींना आणि मला जिन्याखाली गाठलं. इकडेतिकडे बघत ती म्हणाली, "भुलीचे डॉक्टर तिला तशीच सोडून दुसऱ्या टेबलावर गेले होते. श्वासाची नळी निसटली. भुलीच्या मशीनचा अलार्म बंद केलेला होता, म्हणून कोणाला पत्ताच लागला नाही. मला कोर्टात विचारलं तर मी सांगेन." एवढं सांगून ती भराभर जिना चढून गेली.

आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर, बसल्या जागी खुर्ची थरथरायची. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी लेखी अर्ज करून तिचे केसपेपर मागा, तो तुमचा हक्क आहे. पेशंट बरा झाला नाही एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही. कुठल्याही धड डॉक्टरने घेतली असती ती काळजी यांनी घेतली नाही, आणि तिचं जे झालं ते त्यामुळेच झालं, हे दोन्ही दाखवावं लागेल. त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेऊ. भरपाईचा दावा लावू. डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार करू, ते त्याच्या परवान्याचं बघतील. हलगर्जीपणा अगदीच घोर निघाला तर पोलिसांत गुन्हाही होतो. मुदत असते, म्हणून रडत बसू नका. आपली सगळी भिस्त त्या मशीनमधल्या नोंदींवर आणि त्या सिस्टरवर आहे." मग त्यांनी दाजींच्या हातांकडे पाहिलं. "आणि तुम्ही हे हात खिशात ठेवायचे."

"डॉक्टर कबूल करेल?" दाजींनी विचारलं.

"त्याचा वकील करू देणार नाही."

"म्हणजे चुकलं, एवढंही म्हणणार नाही?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. दाजींनी हात खिशात घातले आणि जिना उतरायला लागले.

केसपेपरचा अर्ज द्यायला आम्ही कामावरून परस्परच गेलो. मी टेम्पोत थांबलो, दाजी आत गेले. नंतर त्यांनीच सांगितलं. भुलीचे डॉक्टरच बाहेर आले, अर्ज वाचला, घडी घालून दाजींच्या शर्टाच्या खिशात परत कोंबला आणि म्हणाले, "बायकोला इतकी जाड होऊ दिलीत, तेव्हा अर्ज कोणाकडे केला होतात?" काउंटरवरचा पोरगा फिसकन हसला.

दाजी शांतपणे टेम्पोकडे आले. हौद्यात हात घालून घण काढला. मी दंडाला लोंबकळलो, तर कोपराच्या एका फटक्यात माझा ओठ फाटला आणि मी रस्त्यावर बसलो. पहिला घाव काउंटरच्या काचेवर बसला. काच पावसासारखी सांडली. तो हसरा पोरगा टेबलाखाली शिरून आईच्या नावाने ओरडत होता. वॉचमन आडवा आला, त्याला दाजींनी गचांडी धरून भिंतीवर आपटला. मग जिन्याने वर. लोक सलाईनच्या बाटल्या हातात धरून पळत होते. डॉक्टरांच्या पदव्यांच्या तसबिरी एकेक करून खाली आल्या. दाराला घण लावला, दार बिजागरीसकट आत पडलं. मी तोंडातलं रक्त थुंकत मागून धावत होतो आणि ओरडत होतो, "दाजी, ताईची आण आहे!" त्यांना ऐकूच जात नव्हतं.

ऑपरेशनच्या खोलीत कोणी नव्हतं. ते मशीन कोपऱ्यात उभं होतं. ज्याच्यावर आमची सगळी भिस्त होती तेच. दाजींनी ते असं फोडलं की जसं काही ते जिवंत आहे आणि त्याला मरताना दुखलं पाहिजे. डबे चेपले, नळ्या तुटल्या, पडद्याचा चुरा झाला. तरी हात थांबेना. शेजारी दुधी काचेची आडभिंत होती, मागे हत्यारं ठेवायची जागा. त्या दिवशी त्यांनी कुठल्याच दारात हाक मारली नव्हती. इथेही मारली नाही. घण दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि काचेत घातला.

आतून किंकाळी आली.

ती सिस्टर होती. आरडाओरडा ऐकून घाबरून तिथे लपली होती. काचेचा एक लांब तुकडा तिच्या डाव्या डोळ्यात घुसला होता आणि ती तो उपटायला बघत होती. दाजींनी घण टाकला. तिचे दोन्ही हात घट्ट धरले, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि नुसते म्हणत राहिले, "ओढू नका बाई, ओढू नका." त्यांचा सदरा गळ्यापासून पोटापर्यंत लाल झाला. माणूस काय करून बसला ते त्याला कळताना मी बघितलं. पुन्हा कधी बघायची वेळ येऊ नये.

पोलिसांनी त्यांना काठ्या मोडेपर्यंत मारलं. दाजींनी हात वर केला नाही, साधा आड सुद्धा नाही. सिस्टरचा डोळा गेला.

वकीलबाई संतापाने लालबुंद झाल्या होत्या. "मशीन तुम्ही फोडलंत. साक्षीदाराला आंधळी तुम्ही केलीत. त्या डॉक्टरने आता तुमचे पाय धुवून पाणी प्यायला हवं!" आणि खरोखर आठवड्याभरात दवाखान्याचा माणूस गोड बोलत आला. तुम्ही ताईंचा दावा सोडा, आमचे लोक कोर्टात विसरभोळे होतील, कोणी फोडलं ते नीट दिसलं नाही म्हणतील. मला मोह झाला. घरात ताई तशी, दाजी कोठडीत, घर चालणार कसं? मी कोठडीच्या गजांपाशी जाऊन हे सांगितलं तर दाजी म्हणाले, "तिचा दावा विकून मी बाहेर येऊ?" एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून बसले.

खटला उभा राहिला. रागाच्या भरात झालं, आत माणूस आहे हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायला त्यांच्या वकिलाने पढवलं होतं. समोरच्या बाकावर सिस्टर डोळ्यावर पट्टी बांधून बसली होती. दाजी न्यायाधीशांना म्हणाले, "आत कोणी आहे हे ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मी विचारलं नाही. रोज विचारतो. त्या दिवशी एक हाक मारली असती तर या बाईंनी ओ दिली असती. चूक माझी आहे, साहेब. रागाची नाही, माझी." वकिलाने कपाळ बडवलं. शिक्षा झाली, चांगली घसघशीत झाली. तुरुंगात एका टोळक्याने त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. ज्या माणसाच्या एका बुक्कीत ते सगळे आडवे झाले असते, त्याने बुक्की मारली नाही.

ताईचा दावा सुनावणीला आला तेव्हा आमच्या बाजूला दुसऱ्या डॉक्टरचं मत होतं, बाकी काही नव्हतं. सिस्टरवर आम्ही पाणी सोडलं होतं. कुठल्या तोंडाने बोलावणार? ती आपल्या पायाने आली. अलार्म बंद होता, भुलीचे डॉक्टर खोलीत नव्हते, सगळं सांगितलं. दवाखान्याचा वकील तुटून पडला. "ज्यांनी तुमचा डोळा फोडला त्यांच्या बाजूने बोलायला किती मिळाले?"

"त्यांच्या बाजूने बोलत नाही मी," ती म्हणाली. "त्यांची शिक्षा ते भोगतायत. मी त्या बाईंचं बोलते."

"अलार्म बंद होता, हे तुम्हाला इतकं ठामपणे कसं माहीत?"

तिने त्या एका डोळ्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. "मीच बंद केला. भुलीचे डॉक्टर म्हणाले, कटकट आहे, बंद कर. मी बटण दाबलं. पुन्हा चालू करू का, हे विचारायची माझी छाती झाली नाही."

माझ्या डोक्यात सणक गेली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं, हिचा दुसराही डोळा जायला हवा होता. बाकाची कड मी इतकी दाबली की नखं उलटली.

तुरुंगात भेटीला गेलो तेव्हा हे जाळीतून दाजींना सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस जाळी तोडेल. त्यांनी कपाळ एकदाच, दाणकन, जाळीवर आपटलं. रक्ताचा ओघळ नाकापर्यंत आला. शिपाई धावला. दाजींनी बाहीने रक्त पुसलं आणि विचारलं, "हे तिने स्वतःहून सांगितलं?"

"हो."

"मग ती घरी कशी गेली? कोणी सोडायला गेलं होतं का? एका डोळ्याने रस्ता ओलांडताना अंदाज येत नाही."

कोणी गेलं नव्हतं.

आम्ही जिंकलो. ताईच्या जन्मभराच्या शुश्रूषेचा खर्च दवाखान्यावर बसला, भुलीच्या डॉक्टरचा परवाना काही काळ काढून घेतला, पोलिसांकडचं प्रकरण अजून रखडलं आहे. चुकलं असं डॉक्टर शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. वकीलबाईंचा अभिनंदनाचा फोन आला तेव्हा मी ताईच्या नळीतून दूध सोडत होतो.

शिक्षा संपवून दाजी आले तो दिवस साधा होता. मी ताईला कुशीवर वळवत होतो. दार उघडंच होतं. त्यांची सावली उंबऱ्यावर पडली, पहिल्यापेक्षा निम्मीच. ते आत आले नाहीत. बाहेरूनच त्यांनी विचारलं, "आहे का कोणी आत?"

मी तोंड उघडलं होतं, पण ती हाक माझ्यासाठी नव्हती. मी ताईकडे बघत राहिलो. ती छताकडे बघत होती. दाजी थांबले, कामावर थांबायचे तसेच, मान थोडी तिरकी करून. मग पुन्हा, जरा हळू, "आहे का कोणी आत?"

घरात तिच्या श्वासाचा आवाज तेवढा होता.

दाजी उंबऱ्यावर खूप वेळ उभे राहिले. मग चपला काढल्या, आत आले, तिच्या पायाशी बसले आणि तिची टाच हातात धरली. तिसरी हाक त्यांनी मारली नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतर कधीच नाही.