अक्काचं न वाचलेलं पान

कळसहून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या मंडईत होतो. "अक्का गेली," तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि मेथीची जुडी पिशवीत ठेवली... त्याला आता सहा आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही.

सुमनअक्का आमची थोरली बहीण. लग्नानंतर अंगावर चट्टे उठले, तेव्हा नवऱ्यानं कुष्ठरोगाचं कारण दाखवून कोर्टातून घटस्फोट घेतला. पुढं औषधानं ती पूर्ण बरी झाली, पण कळसच्या घरात आपली कपबशी ती वेगळी, खिडकीतच ठेवायची. तसं कर असं कुणी सांगितलं नव्हतं. 'आत ठेव' असंही कुणी म्हटलं नाही.

मी दिल्लीत एका खासदारांचा स्वीय सहायक होतो. घटस्फोटाचं हे कारणच कायद्यातून काढणारं विधेयक अखेर वरच्या सभागृहात आलं. साहेबांनी कुरकुरणाऱ्या सदस्यांना गाठून, चहा पाजून, एकेकाचं मन वळवलं. भाषणात ते अक्काचं पत्र वाचणार होते, नावगावासकट. तिचाच तसा हट्ट होता. पत्रात एक ओळ होती, 'औषधानं मी बरी झाले, कोर्टाच्या कागदावर अजून आजारी आहे.'

त्याच आठवड्यात माझ्या मुलीचं लग्न बारामतीत जमत होतं. सोयऱ्यांच्या कानावर जाईल या भीतीनं मी ते पान फाईलमधून काढलं आणि खिशात घातलं.

ऑफिसातल्या टीव्हीवर मी पाहत होतो. साहेब बोलता बोलता थांबले, कागद चाळले, मग आठवेल तसं बोलले. विधेयक मंजूर झालं. परतल्यावर त्यांनी विचारलं, "ते पत्र कुठं गेलं हो?" मी म्हणालो, "घरी राहिलं, साहेब."

अक्का तिकडं नवं पातळ नेसून टीव्हीसमोर बसली होती. संध्याकाळी तिचा फोन आला.

"सायबांनी माझं वाचलं न्हाय व्हय रं?"

"वेळ संपली, अक्का."

"तितं बी एस्टीवानी घाई?" ती हसली. "आसू दे. कायदा झाला न्हवं?"

मुलीच्या लग्नाला ती आली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. मीही आग्रह केला नाही.

आज तिचं नाव आणि गाव मी इथं लिहिलं. तिला वाचता आलं असतं तेव्हा लिहिलं नाही... पान अजून माझ्याकडंच आहे.

परवा कळसला गेलो होतो. चहा झाल्यावर भावजयीनं कपबश्या विसळून फळीवर मांडल्या. अक्काची कपबशी तिनं हलकेच पुसली आणि पुन्हा खिडकीत ठेवली. 'आत ठेव', एवढंच म्हणायचं होतं. मी तिथंच बसलो होतो.