उपकरण: कान

मिस्तरींची ख्याती अशी, की बॉनेट पुरतं उघडायच्या आत ते गाडीचं दुखणं सांगत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक आदराने गप्प बसे. बसलं नाही, तर बसवलं जाई. गेल्या वर्षापासून मूठ उजव्याऐवजी डाव्या कानाला लागू लागली होती. कारण फक्त बायकोला आणि डॉक्टरांना ठाऊक. डावाही फार तर दोन वर्षं साथ देईल, असं डॉक्टरांचं मत होतं.

म्हणून परदेशी जायचं ठरलं. तिकडे म्हणे शिंप्याने माप घेऊन सदरा शिवावा तशी इंजिनं मालकाच्या मर्जीप्रमाणे ट्यून करून देत. कान शाबूत आहे तोवर मिस्तरींना ती ऐकायची होती.

लेकीने आठ गॅरेजं शोधून आठ दिवसांत बसवली. भेटीआधी प्रत्येकाचा अर्ज भरायचा होता. त्यात प्रश्न होता : ट्यूनिंगसाठी आपण कोणतं उपकरण वापरता?

"लिही, कान," मिस्तरी म्हणाले. "डावा."

"बाबा, मशीनचं नाव विचारतायत ते."

"मग हा काय भाड्याने आणलाय?"

तिने तसंच लिहिलं.

पाच जणांनी कळवलं, की आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर चालतं, ऐकण्यासारखं काही नाही. दोघांनी तेवढीही तसदी घेतली नाही. आठव्याने मात्र फार अदबीने लिहिलं : कमी ऐकू येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही चालू इंजिनावर हात ठेवू देतो. अवश्य या.

"कानाचं मशीन समजले वाटतं," म्हणत लेक हसली. आईवडील हसले नाहीत, तेव्हा तिचंही हसू ओसरलं. "कधीपासून, बाबा?"

"रद्द कर सगळं," मिस्तरी म्हणाले. "न ऐकता काय कळणार, कप्पाळ?"

"माझं न ऐकता तीस वर्षं संसार केलात," बायको म्हणाली. "काही अडलं?"

मिस्तरी उठले, पाणी प्यायले. मग फ्रिजच्या कुशीला तळहात टेकवून डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ.

"मागचा खालचा बोल्ट सैल आहे."

"वर्षभर मी तेच सांगतेय."

लेकीने सात नावं खोडली आणि उरलेल्या एकापुढे लिहिलं : आठ दिवस.